‘कार्बन न्यूट्रल’ कंपनीचं एमआरआय मशीन: दावा कुठपर्यंत पोचतो?

फिलिप्स हे नाव ऐकलं की आपल्यापैकी बहुतेकांना ट्रिमर आठवतो. घरातल्या मोठ्यांना ट्यूबलाइट आठवते, आजोबांना रेडिओ. पण ही कंपनी आज मुख्यतः हॉस्पिटलची मशिनं बनवते. एमआरआय, सीटी स्कॅन, सोनोग्राफी, आयसीयूतले मॉनिटर, अँजिओग्राफी करतात ती कॅथलॅब. त्यातलं काही तर आपल्या महाराष्ट्रातच तयार होतं. पुण्याजवळ चाकणला फिलिप्सचं हेल्थकेअर इनोव्हेशन सेंटर आहे.

या कंपनीने जाहीर केलंय की २०२० पासून तिचं स्वतःचं कामकाज ‘कार्बन न्यूट्रल’ आहे आणि तिथे लागणारी सगळी वीज अक्षय स्रोतांची आहे. ऐकायला भारी वाटतं. आणि हा दावा खोटाही नाही. पण तो नेमका कशाबद्दल आहे, हे समजून घेतलं तर पुढच्या वेळी मोबाइल, गाडी, बँक किंवा चहाच्या पाकिटावर ‘ग्रीन’ लिहिलेलं दिसलं की तुम्हाला ते वाचता येईल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि रोह्याला लागून असलेल्या वरसेमधून काम करते. आमच्या कामात एक सवय लागते. एखादं फंक्शन काय परत देतं हे बघण्याआधी ते आत काय घेतं हे बघायचं. कार्बनच्या दाव्यांनाही हीच सवय लावून बघू.

तीन खाती

कंपन्यांच्या उत्सर्जनाचा हिशेब जगभर साधारण एकाच पद्धतीने होतो. तिचं नाव ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल. २००१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. त्यात उत्सर्जन तीन खात्यांत विभागतात. या खात्यांना ‘स्कोप’ म्हणतात.

हे समजायला चाकणला जायची गरज नाही. आमच्या शेजारी धाटाव एमआयडीसी आहे, केमिकल कंपन्यांची. तिथल्या कुठल्याही एका कंपनीचा विचार करा. तिच्या बॉयलरमध्ये जे इंधन जळतं, लाइट गेल्यावर जनरेटरमध्ये जे डिझेल जळतं, तो स्कोप १. म्हणजे धूर थेट तुमच्या आवारातून निघाला. कंपनी जी वीज विकत घेते, ती बनवताना दुसरीकडे कुठेतरी कोळसा जळाला, तो स्कोप २. आणि उरलेलं सगळं स्कोप ३. कच्चा माल बनवताना झालेलं उत्सर्जन, तो घेऊन आलेले ट्रक, कामगारांना आणणाऱ्या बस, साहेबांचा विमानप्रवास, विकलेला माल ग्राहकाने वापरताना झालेलं उत्सर्जन, शेवटी तो कचऱ्यात गेल्यावर झालेलं उत्सर्जन. स्कोप ३ मध्ये अशा एकूण १५ कॅटेगरी आहेत. त्यातल्या दोन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत: कॅटेगरी १ म्हणजे विकत घेतलेला माल आणि सेवा, कॅटेगरी ११ म्हणजे विकलेल्या वस्तूंचा वापर.

गंमत अशी की एकाचा स्कोप १ हा दुसऱ्याचा स्कोप ३ असतो. धाटावच्या बॉयलरचा धूर हा त्या कंपनीचा स्कोप १. तिथून माल घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या वहीत तोच धूर स्कोप ३ म्हणून लिहिला जातो. तोच धूर दोन वह्यांत आला, हे डबल काउंटिंग वाटेल, पण ते मुद्दाम ठेवलंय. कारण दोघांकडेही तो कमी करायची ताकद आहे.

आता फिलिप्सचा दावा परत वाचा. ‘स्वतःचं कामकाज.’ म्हणजे स्कोप १, स्कोप २, आणि कंपनी आपल्या कामकाजात धरते तो प्रवास आणि मालवाहतूक. विकलेली मशिनं हॉस्पिटलमध्ये वीज खातात ते यात नाही. पुरवठादारांचे कारखाने यात नाहीत. कंपनी ते लपवत नाही, वार्षिक अहवालात वेगळं देते. पण बातमीच्या हेडलाइनमध्ये ‘स्वतःचं कामकाज’ हे दोन शब्द गळून पडतात, आणि तिथेच आपण फसतो.

भिऱ्याची वीज आमच्या घरात येते का?

‘सगळी वीज अक्षय’ याचा अर्थ काय होतो, ते बघू.

आमच्या तालुक्याच्या वरच्या अंगाला भिरा आहे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली येतं आणि भिऱ्याच्या टाटांच्या वीजघरात टर्बाइन फिरवतं. १९२७ पासून हे चालू आहे. तिथून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं, कोलाडला राफ्टिंगवाल्यांना खूश करतं आणि पुढे रोह्यावरून खाडीकडे जातं. म्हणजे जलविद्युत आमच्या अगदी परसात. मग वरसेच्या घरात मी लॅपटॉप चार्ज करते तो भिऱ्याच्या विजेवर का? तर तसं सांगता येत नाही. माझं बिल महावितरणचं येतं, आणि ग्रिडमध्ये कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची, उन्हाची वीज सगळी एकत्र मिसळलेली असते. तारेतली वीज ओळखपत्र दाखवत नाही.

(जाता जाता: ‘स्वच्छ’ म्हणवणाऱ्या याच विजेसाठी मुळशीतल्या मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला. धूर नाही म्हणजे किंमत नाही, असं होत नाही.)

मग एखादी कंपनी ‘आमची वीज १०० टक्के अक्षय’ कशी म्हणते? तर करार करून किंवा प्रमाणपत्रं विकत घेऊन. पवनचक्कीने एक युनिट ग्रिडमध्ये टाकलं, त्याचं प्रमाणपत्र तुम्ही घेतलं, की कागदावर ते युनिट तुमचं. म्हणूनच २०१५ पासून स्कोप २ दोन प्रकारे मोजायला सांगितलंय. एक, तुमच्या भागातल्या ग्रिडच्या सरासरीने. दुसरा, तुम्ही केलेल्या करारांच्या आधारे. ‘१०० टक्के अक्षय’ हा दुसरा आकडा असतो. अहवालात दोन्ही असतात, जाहिरातीत एकच.

म्हणून सगळे करार म्हणजे धूळफेक, असंही नाही. यात दर्जाचा फरक आहे. आधीच उभ्या असलेल्या जुन्या धरणाची स्वस्तातली प्रमाणपत्रं घेतली तर हवेत काहीच बदलत नाही. पण नवीन पवनचक्की उभी राहण्याआधीच ‘पुढची कित्येक वर्षं तुझी वीज मी घेणार’ असा करार केला, तर त्या कराराच्या जोरावर प्रकल्पाला बँकेचं कर्ज मिळतं. फिलिप्सने या दुसऱ्या प्रकारचे करार केलेत. नेदरलँड्समधल्या क्रॅमर आणि बाउडोक्केन या पवनप्रकल्पांसाठी गूगल, अक्झोनोबेल आणि डीएसएम यांच्यासोबत, आणि अमेरिकेत टेक्सासमधल्या लॉस मिरासोलेसशी. माझ्या मते कंपनीच्या हवामान कामातला हा सगळ्यात भक्कम भाग आहे. उरलेलं उत्सर्जन भरून काढायला जी कार्बन क्रेडिट घेतली जातात, तो सगळ्यात कच्चा. कारण क्रेडिट म्हणजे ‘मी उत्सर्जन केलं, पण दुसरीकडे कुणालातरी कमी करायला पैसे दिले’. दुसरीकडे खरंच किती कमी झालं, हे सिद्ध करणं फार अवघड असतं.

फोन आणि एमआरआय: उलटसुलट वस्तू

आता खरा मुद्दा. मशीन विकल्यावर काय होतं?

आधी तुमचा फोन घ्या. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-अवर. चार्जरमधलं नुकसान धरून रोज २५ वॅट-अवर म्हणू. वर्षाला झाली जेमतेम ९ युनिट. भारतीय ग्रिडमध्ये एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वर्षभर फोन चार्ज करून सहा-साडेसहा किलो. आणि तो फोन बनवताना? ॲपलने आयफोन १४ साठी दिलेला आयुष्यभराचा आकडा ६१ किलो आहे आणि त्यातला जवळपास ८० टक्के वाटा उत्पादनाचा. म्हणजे फोनचं पाप तुम्ही बॉक्स उघडता त्याआधीच बहुतेक होऊन गेलेलं असतं. म्हणून फोनच्या बाबतीत ‘जास्त वर्षं वापरा’ हा एकच सल्ला खरा कामाचा.

एमआरआय अगदी उलट. स्वित्झर्लंडमधल्या बासेल विद्यापीठाच्या रुग्णालयाने आपल्या तीन सीटी आणि चार एमआरआय मशिनांना वर्षभर मीटर लावून बघितले आणि २०२० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एक सीटी वर्षाला सरासरी २६ हजार युनिट खातं. एक एमआरआय १ लाख ३४ हजार. या सात मशिनांना थंड ठेवायला आणखी ४ लाख ९० हजारांवर युनिट. सगळं मिळून ११ लाख युनिट, म्हणजे त्या अख्ख्या रुग्णालयाच्या विजेचे ४ टक्के.

यातला एमआरआयचा आकडा भारतीय ग्रिडवर आणून ठेवा. १ लाख ३४ हजार गुणिले ०.७, म्हणजे वर्षाला ९० टनांच्या वर. मशीन दहा वर्षं चाललं तर ९०० टनांच्या पुढे, तेही कूलिंग न धरता. आता कळतं की ‘स्वतःचं कामकाज’ या शब्दांबाहेर किती मोठी गोष्ट राहून गेली.

पण माझ्यासारखीला जास्त धक्का देणारा भाग वेगळाच आहे. त्या अभ्यासात सीटीच्या एकूण विजेपैकी दोन तृतीयांश वीज मशीन नुसतं तयार बसलेलं असताना गेली, पेशंट आत नसताना. आणि एमआरआयच्या विजेतला साधारण एक तृतीयांश भाग मशीन ‘बंद’ असताना गेला. बंद असताना!

याचं कारण एमआरआयच्या पोटात आहे. त्यातलं चुंबक हे सुपरकंडक्टिंग तारांचं असतं आणि या तारा उणे २६९ अंश सेल्सिअसला द्रव हेलियममध्ये ठेवाव्या लागतात. तापमान वाढलं की हेलियम उकळून उडून जातं आणि चुंबक बसतं. म्हणून आतल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर चोवीस तास, दिवाळी-गणपतीलाही, चालूच असतो. घरातला फ्रीज आपण गावाला जाताना रिकामा करून बंद करतो. हा करता येत नाही.

पण बाकीचं बंद करता येतं. कॉम्प्रेसर सोडून ॲम्प्लिफायर, कॉम्प्युटर, पंखे, अशी बरीच यंत्रणा रात्रभर ‘कधीही पेशंट येईल’ अशा थाटात जागी असते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेला आकडा असा: रात्री १२ तास मशीन नुसतं आयडल न सोडता ‘ऑफ’ केलं, तर त्या काळातली वीज पाव ते एक तृतीयांश वाचते. नवीन यंत्र नको, नवीन चुंबक नको. रात्रपाळीच्या टेक्निशियनने एक बटण दाबायचं, किंवा सॉफ्टवेअरने ते आपोआप करायचं. फोनची स्क्रीन ३० सेकंदांनी आपोआप बंद होते ना, तेवढीच कल्पना. कोट्यवधींच्या मशिनांत ही कल्पना इतक्या उशिरा का पोचली याचं उत्तर सोपं आहे: मशीन विकणाऱ्याला वीजबिल येत नाही. बिल हॉस्पिटलला येतं, आणि हॉस्पिटल खरेदी करताना इमेजचा दर्जा आणि किंमत बघतं.

सॉफ्टवेअरचा दुसरा उपयोग स्कॅन लवकर संपवण्यात आहे. कमी डेटा गोळा करायचा आणि गणिताने (आता एआयने) पूर्ण चित्र बांधायचं. पेशंटला बोगद्यात कमी वेळ पडून राहावं लागतं म्हणून हे विकलं जातं, पण प्रत्येक स्कॅनमागची वीजही त्यात उतरते.

हेलियमचंही थोडक्यात. जुन्या पद्धतीच्या एमआरआयमध्ये दीड हजार लिटरच्या आसपास द्रव हेलियम लागतं. फिलिप्सने २०१८ मध्ये आणलेल्या ब्लूसील चुंबकात ते सात लिटरवर आणलं आणि सीलबंद केलं. हेलियम हा काही हरितगृह वायू नाही, त्यामुळे याला ‘हवामानासाठी’ म्हणणं थोडं ओढून-ताणून होईल. पण हेलियम दुर्मिळ आहे, मुख्यतः नैसर्गिक वायूसोबत मिळतं, आणि ते भरायला टँकर लागत नसेल तर लहान गावात एमआरआय ठेवणं सोपं होतं. शिवाय उडालेला वायू छतावरून बाहेर सोडायची जाड पाइपलाइनही लागत नाही.

मग रोह्यात मशीन नकोच का?

हा हिशेब नीट बघितला तर एक विचित्र गोष्ट दिसते. तेच मशीन जलविद्युतवर चालणाऱ्या नॉर्वेत विकलं तर कंपनीच्या कॅटेगरी ११ मध्ये थोडीच भर पडते. आपल्याकडे विकलं तर प्रचंड, कारण आपल्या ग्रिडमध्ये कोळसा आहे. म्हणजे नुसता आकडा कमी करायचा असेल तर भारतात कमी मशिनं विकणं हा सोपा मार्ग ठरतो!

हेल्थ केअर विदाउट हार्म या संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातल्या एकूण उत्सर्जनापैकी ४.४ टक्के आरोग्य क्षेत्रातून होतं. पण दर माणशी बघितलं तर अमेरिकेतलं आरोग्य क्षेत्र भारताच्या ५७ पट उत्सर्जन करतं. आपण फार शहाणे म्हणून आपला आकडा कमी नाही. आपल्याकडे उपचारच कमी लोकांपर्यंत पोचतात. हा कमीपणा मिरवायची गोष्ट नाही.

आमच्याकडे ‘एमआरआय काढून आणा’ म्हटलं की लोकांच्या डोक्यात आधी पनवेल किंवा मुंबई येतं. समजा, घरच्यांनी गाडी करून पनवेलला नेलं. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, दहा लिटर पेट्रोल, लिटरला साधारण २.३ किलो प्रमाणे २३ किलो कार्बन डायऑक्साइड. आता स्कॅनचं बघू. मशीन दिवसाला १५ पेशंट बघत असेल आणि वर्षाला ३०० दिवस चालत असेल, तर ४५०० स्कॅन. बासेलच्या आकड्याला भागा, स्कॅनमागे ३० युनिट आले, म्हणजे २१ किलो. पेशंटला न्यायची गाडी आणि स्कॅन, जवळजवळ सारखेच! (दिवा-रोहा मेमूने गेलात तर चित्र बदलतं, पण पाठीच्या मणक्याचं दुखणं घेऊन मेमूत चढा म्हणणं सोपं नाही.) हा हिशेब मी ढोबळ केलाय, कूलिंग धरलं तर स्कॅनचा आकडा वर जाईल. पण मुद्दा बदलत नाही: पेशंटचा हा प्रवास मशीन कंपनीच्या वहीत कुठेच येत नाही, आणि मशीन जवळ असेल तर तो वाचतो.

त्याच वेळी उलटंही खरं आहे. तेच मशीन दिवसाला पाचच पेशंट बघत असेल तर स्कॅनमागे ९० युनिट, ६० किलोच्या वर. कारण कॉम्प्रेसरला पेशंट किती याच्याशी देणंघेणं नाही. त्यामुळे प्रत्येक तालुक्यात दोन-दोन खासगी सेंटर उघडून निम्मा दिवस रिकामी ठेवणं हा उपाय नव्हे.

आणि हवामानाचा प्रश्न इथे कोकणात बसून पुस्तकी वाटत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. जुलै २०२१ मध्ये महाड बुडालं, तळियेवर डोंगर आला, आणि त्याच पुरात चिपळूणच्या एका कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली, तिथल्या आठ रुग्णांच्या मृत्यूची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. ज्या मशिनांवर माणसाचा जीव टिकतो ती मशिनं विजेवर चालतात, आणि पूर आला की आधी वीज जाते. त्यामुळे कमी वीज खाणारं मशीन म्हणजे फक्त कमी कार्बन नाही. तेच मशीन त्याच जनरेटरवर आणि त्याच बॅटरीवर जास्त वेळ तग धरतं.

पुरवठादारांची एक्सेल शीट

माझा एक शाळेतला मित्र आमच्याच पट्ट्यातल्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघतो. त्याला परदेशी ग्राहकाकडून एक एक्सेल शीट आली: गेल्या वर्षी किती युनिट वीज, किती टन इंधन, किती डिझेल, पुढच्या पाच वर्षांत किती कमी करणार. त्याने मला फोन करून विचारलं, “हे कशाला मागतात गं? माल चांगला आहे ना आमचा?”

हीच ती कॅटेगरी १. फिलिप्सने ठरवलं होतं की २०२५ पर्यंत खरेदीच्या रकमेच्या हिशेबाने किमान निम्म्या पुरवठादारांनी विज्ञानाधारित लक्ष्यं स्वीकारलेली असावीत. कंपनीचाच अंदाज असा की पुरवठादारांकडच्या कपातीचा परिणाम स्वतःच्या कामकाजातल्या कपातीच्या सातपट आहे. बाकी कंपन्याही याच वाटेवर आहेत. मेडट्रॉनिकने पूर्ण साखळीसाठी २०४५ हे आर्थिक वर्ष धरलंय, सीमेन्स हेल्थिनियर्सने २०५०.

ही माणसं अचानक निसर्गप्रेमी झाली असं समजू नका. ब्रिटनच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, २०४५ पर्यंत पुरवठादारांसकट नेट झिरो व्हायचं ठरवलंय आणि टेंडर भरणाऱ्यांकडून कार्बन कपातीचा आराखडा मागायला सुरुवात केली आहे. एवढा मोठा ग्राहक मागायला लागला की कंपनी पुरवठादाराकडे मागते, तो त्याच्या पुरवठादाराकडे, आणि अशी ती शीट शेवटी कोकणातल्या एमआयडीसीत माझ्या मित्राच्या इनबॉक्समध्ये येते. ज्याला ती भरता येते त्याची ऑर्डर टिकते. इथल्या डिप्लोमा आणि बीएससी केमिस्ट्रीवाल्या पोरांसाठी हे काम पुढे वाढणार आहे, हे मी ठामपणे सांगते.

आपल्याकडे सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केला. पण त्यात स्कोप १ आणि २ आवश्यक आहेत, स्कोप ३ ऐच्छिक. आणि फिलिप्स इंडिया बाजारात सूचीबद्धच नाही, त्यामुळे तिच्यासाठी तुम्हाला ॲमस्टरडॅमच्या मूळ कंपनीचा अहवाल उघडावा लागतो.

अहवाल फोनवर उघडलात तर

पीडीएफमध्ये आधी ‘स्कोप ३’ शोधा, मग कॅटेगरी ११. मशीन बनवणारी कंपनी असूनही तो आकडा नसेल तर पुढे वाचायची गरज नाही.

मग शब्द बघा. ‘कार्बन न्यूट्रल’ मध्ये क्रेडिट घेऊन भरपाई चालते. ‘नेट झिरो’ला सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या २०२१ च्या मानकात जवळपास ९० टक्के प्रत्यक्ष कपात करावी लागते, उरलेल्यालाच भरपाई. तसंच ‘आम्ही वचन दिलंय’ आणि ‘आमचं लक्ष्य तपासून मंजूर झालंय’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मार्च २०२४ मध्ये याच संस्थेने २३९ कंपन्यांची वचनं ‘काढून टाकली’ म्हणून दाखवली, कारण ठरलेल्या मुदतीत त्यांनी लक्ष्यं सादर केली नाहीत. त्यात मायक्रोसॉफ्ट आणि युनिलिव्हरसारखी नावं होती. फिलिप्स इथे बऱ्या बाजूला आहे. २०२२ मध्ये पूर्ण मूल्यसाखळीची लक्ष्यं मंजूर करून घेणारी ती पहिली हेल्थ टेक कंपनी ठरली.

बेस इयर, म्हणजे कुठल्या वर्षाशी तुलना केली आहे, तेही बघा. फिलिप्सचंच उदाहरण घ्या. बल्बचा धंदा २०१६ मध्ये वेगळा झाला, आज तो सिग्निफाय आहे. मिक्सर, एअर फ्रायरचा धंदा २०२१ मध्ये विकला, आता ती कंपनी व्हर्सुनी, नाव तेवढं फिलिप्सचं लावते. जगभर विकलेले बल्ब आणि मिक्सर वीज खातच आहेत, पण त्यांचं उत्सर्जन आता दुसऱ्यांच्या वहीत गेलं. नियम सांगतो की असा धंदा विकला तर जुन्या वर्षाचा आकडाही त्या प्रमाणात कमी करून मगच तुलना करा. कुठल्याही कंपनीचा आलेख एका वर्षात एकदम खाली आलेला दिसला तर आधी बघा, त्या वर्षी तिने काय विकलं.

आणि एक आकडा अजून तुम्हाला या अहवालांत सहज सापडणार नाही, तो म्हणजे एका स्कॅनमागे किती युनिट. फ्रीज घेताना आपण स्टार बघतो, एसी घेताना बघतो. कोट्यवधींचं एमआरआय घेताना हॉस्पिटलला तो आकडा विक्रेत्याकडून मागून घ्यावा लागतो, चालू स्थितीतला वेगळा, आयडलमधला वेगळा आणि ‘ऑफ’मधला वेगळा. जिल्ह्यातल्या पुढच्या मशीनच्या टेंडरमध्ये या तीन ओळी टाकायला एक पैसाही जास्त लागत नाही.